पहिल्या पत्राला उत्तर देत नसतात

३ जून, सोमवार

कोर्टाचा लिफाफा आला. जाड, पिवळट, सही करून घ्यायचा. पोस्टमनने पेन पुढे केलं. मी माझं काढलं. दुसऱ्याच्या पेनाने सही करत नाही. पंधरा वर्षं वॉरंटी विभागात काढल्यावर एवढी शिस्त अंगात मुरतेच.

आत नोटीस. मुलगी तिच्याकडे राहावी, असा बायकोचा अर्ज. म्हणजे माझी मुलगी. नऊ वर्षांची. घरात तिला ठकी म्हणतात, कारण लहानपणी बाहुलीसारखी जिथे बसवली तिथे बसायची. आता बसत नाही. आईवर गेली.

बायको दोन महिन्यांपूर्वी ठकीला घेऊन भावाकडे राहायला गेली. जाताना म्हणाली, बारा वर्षांत तू माझं एकही म्हणणं मान्य केलं नाहीस. मी म्हटलं, मान्य करण्यासारखं एखादं आणायचं होतंस. त्यावर तिने दार आपटलं. बिजागरी सैल झाली आहे. दोष हाताळणीचा.

नोटिशीत तारीख आहे, वीस जून. स्वतः हजर राहा किंवा वकील पाठवा, अन्यथा... अन्यथाच्या पुढे मी वाचत नाही. अन्यथा मीही लिहितो, रोज, ढिगाने. त्यात काही दम नसतो.

धोरण ठरलं. आमच्या विभागाचा साधा नियम आहे, पहिल्या पत्राला उत्तर देत नसतात. पहिलं पत्र रागाचं असतं. फ्रिज बंद पडला, दूध नासलं, त्या तिरमिरीत माणूस लिहितो. आपण गप्प राहायचं. मग दुसरं पत्र येतं, त्यात विनंती असते. तिसरं सहसा येतच नाही. तोवर त्याने नवा फ्रिज घेतलेला असतो.

नोटीस खणात टाकली. निश्चय: विनंती येईपर्यंत हूं की चूं करायचं नाही.

४ जून, मंगळवार

ताईचा फोन. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, हॉस्पिटलात मेट्रन होती, रिटायर झाली तरी सगळ्या जगाला पेशंटच समजते. वकील केलास का? मी म्हटलं, गरज नाही. म्हणाली, समोरच्याने वकील केलाय, कोर्टाचा कागद हातात पडलाय, मधे लेकरू आहे. गरज याहून वेगळी काय असते, तिला शिंगं फुटलेली असतात? दात दुखला तर डॉक्टरकडे जातोस ना? मी म्हटलं, नाही जात. म्हणाली, म्हणूनच गेली सहा वर्षं एका बाजूने चावतोयस.

फोन मी ठेवला. तिने आधी ठेवला होता, पण निर्णय माझा होता.

कायदा मोबाईलवर वाचून काढला. चहा उकळेपर्यंत संपला. सार असं: मूल कोणाच्या मालकीचं नसतं, बघायचं ते फक्त मुलाचं हित. म्हणजे कायदा माझ्याच बाजूचा. ठकीचं हित माझ्याइतकं कोणाला कळतं? ठकीला स्वतःलाही कळत नाही. पुढे आणखी बरंच होतं. रोजचं कोण बघतं, आजारपणात कोण जागतं, पालक एकमेकांशी कसे वागतात, मुलाला काय वाटतं. ते सगळं बारीक अक्षरात. बारीक अक्षरांना मी घाबरत नाही. आमच्याकडे ती मीच लिहितो.

८ जून, शनिवार

एक आड एक शनिवार-रविवार ठकी माझ्याकडे. हे तोंडी ठरलेलं. तोंडी ठरलेल्याला किंमत नसते, पण आत्ता ते माझ्या सोयीचं आहे.

तिची तयारी घेतली. उद्या कोर्टातल्या कोणी बाईने विचारलं तर पोरगी गडबडायला नको. प्रश्न: आई ओरडते का? उत्तर: हो, रोज. ठकी म्हणाली, पण रोज नाही ओरडत. मी म्हटलं, सरासरी काढ. प्रश्न: बाबांकडे कसं वाटतं? उत्तर: सुरक्षित आणि आनंदी. ती म्हणाली, आनंदी आधी म्हटलं तर चालेल? म्हटलं, क्रम पाळ.

प्रत्येक उत्तरानंतर विचारत होती, बरोबर आलं का? हुशार आहे. माझ्यावर गेली.

मधेच म्हणाली, आणि बाबा ओरडतो का असं विचारलं तर? मी म्हटलं, तो प्रश्न सिलॅबसमध्ये नाही. जरा मोठ्याने म्हटलं असेन. त्यानंतर तिने अजिबात चुका केल्या नाहीत.

९ जून, रविवार

संध्याकाळी मेहुणा ठकीला न्यायला आला. टायर विकतो आणि बोलतोही तसंच, हवा भरून. बूट न काढता दारातच उभा. म्हणाला, दाजी, वीस तारखेला येताय ना? एखादा वकील बघा. आमच्या बहिणीला तुमचं वाईट नाही करायचं, तिला फक्त रोजची किटकिट नकोय. पोरगी भेटत राहील तुम्हाला, बसून ठरवू.

मी म्हटलं, आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे.

म्हणाला, दाजी, मी मशीन नाही आणलेलं दुरुस्तीला.

विरुद्ध पक्ष स्वतः येऊन मला वकील करायला सांगतो. याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल. तंतरली आहे त्यांची. बसून ठरवू म्हणे! उभ्याने हरायला लागले की लोकांना बसायचं सुचतं.

२० जून, गुरुवार

आज तारीख. नेहमीप्रमाणे ऑफिसला गेलो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे पूर्वजांनी उगाच नाही सांगून ठेवलेलं. शिवाय, गेलं म्हणजे आपण त्यांचा अर्ज विचारात घेतला असं होतं. आम्ही टेक्निशियन पाठवला की ग्राहकाला वाटतं, दोष कबूल केला. म्हणून पाठवत नाही.

शेजारच्या टेबलावरच्याला दोनदा घटस्फोट झालाय. सगळं ऑफिस त्याला दोनदा सुटलेला म्हणतं, तोही हाकेला ओ देतो. मी जागेवर दिसल्यावर त्याचा चहा हातातच राहिला. म्हणाला, तू इथे काय करतोयस? मी म्हण सांगितली. म्हणाला, अरे, ती म्हण हौसेने जाणाऱ्यांसाठी आहे, बोलावणं आलेल्यांसाठी नाही. पहिल्या वेळी मीही शहाणाच होतो. आज माझा मुलगा मला काका म्हणायचा तेवढा राहिलाय. दुसऱ्या वेळी मुकाट वकील केला. रिक्षा कर आणि पळ. नुसतं उभं राहून मुदत माग, देतात. वकील करायचाय म्हणून सांग, त्यालाही देतात.

मी म्हटलं, तुझ्या केसमध्ये दोष होता. म्हणाला, प्रत्येकाला असंच वाटतं, म्हणून तर कोर्ट काढलंय.

सकाळभरात विक्रमी क्लेम नाकारले. एक म्हातारे गृहस्थ मिक्सर पिशवीत घालून स्वतः आले होते. पाण्याचा अंश आढळला, असं लिहून परत केला. म्हणाले, मिक्सर आहे हो, पाण्याचा अंश नाही तर काय आढळणार? लोक हल्ली फार उलट बोलतात.

संध्याकाळपर्यंत कोणाचाही फोन नाही. म्हणजे काही झालं नाही. धोरण यशस्वी.

२३ जून, रविवार

नवं धोरण. ठकीला परत पाठवायचं नाही. ताबा म्हणजे ताबा. माल ज्याच्या गोदामात, बोलणी त्याच्या अटींवर.

दुपारी बायकोला मेसेज केला: आपली मागणी प्राप्त झाली. पडताळणी सुरू आहे. निर्णय होईपर्यंत मुलगी आमच्या ताब्यात राहील. तिचं उत्तर: उद्या तिची परीक्षा आहे. दप्तर इकडे आहे. प्लीज असं करू नकोस. मी लिहिलं: दप्तर सोबत न देणं ही आपली त्रुटी. शेवटी लिहिलं: हे पत्र अंतिम समजावं.

भाषा इतकी नेमकी साधली, की दोनदोनदा वाचली.

ठकी चारपासून दाराजवळच्या स्टुलावर, पायात बूट घालून. मी म्हटलं, बूट काढ. म्हणाली, काढले आणि तेवढ्यात मामा आला तर? मी म्हटलं, मामा येणार नाही. म्हणाली, मग आई येईल. मी टीव्ही लावून दिला. टीव्हीकडे पाठ. हा हट्टीपणा कुठून आला, देव जाणे. माझ्या घराण्यात नाही.

सहाला बायको स्वतः आली. मी भांडणाच्या पूर्ण तयारीत. मुद्दे क्रमाने काढून ठेवले होते. ती भांडलीच नाही. ठकी स्टुलावरून उठून सरळ तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. बायको मला एवढंच म्हणाली, ते मेसेज पुसू नकोस हं.

मी का पुसू? सुरेख मेसेज आहेत.

तिच्याकडे एकही मुद्दा नव्हता. माझे सगळे मुद्दे तसेच पडून आहेत. फुकट गेले.

५ जुलै, शुक्रवार

दुसरं पत्र आलं! म्हटलं नव्हतं?

पोस्टमनला चहा विचारला. तो नको म्हणाला. लिफाफा सावकाश फोडला. विनंती वाचायची मजा घाईत जाते.

विनंती नाही. हुकूम आहे.

एकतर्फी. नोटीस मिळूनही प्रतिवादी गैरहजर. प्रतिवादी मी. केसचा निकाल लागेपर्यंत मुलीचा ताबा आईकडे. मुलीला अडवून ठेवल्याबद्दल माझे मेसेज जसेच्या तसे छापलेत. छापल्यावर ते जरा वेगळे वाचले जातात, मान्य. कोर्टातल्या समुपदेशक बाई मुलीला भेटल्या. मुलीने पाठ केलेली उत्तरं दिली आणि प्रत्येक उत्तरानंतर ‘बरोबर आलं का?’ असं विचारलं, अशी नोंद.

आनंदी आधी म्हणाली असणार. क्रम चुकला की असं होतं.

वडिलांनी एक आड एक शनिवारी दोन तास, कोर्टाच्या मुलांच्या खोलीत, समुपदेशकांच्या समोर भेटावं. माझ्या मुलीला. एका बाईच्या समोर. दोन तास.

टायपिंगची चूक असावी.

८ जुलै, सोमवार

ऑफिसच्या नमुन्यात उत्तर तयार केलं. आपला हुकूम प्राप्त. तपासणीअंती नामंजूर. खाली सही, शिक्का. शिक्का ऑफिसचा आहे, पण भावना माझ्या.

स्वतः कोर्टात नेऊन दिलं. पायरी चढावी लागली. पण द्यायला चढलो, हजर राहायला नाही. खिडकीतल्या कारकुनाने वाचलं. शेजारच्याला दाखवलं. त्याने आतल्या तिसऱ्याला हाक मारली. सरकारी कामात एवढी तत्परता मी प्रथमच पाहिली.

मग कारकून म्हणाला, काका, हुकमाला उत्तर नसतं, अर्ज असतो. वकील आहे का? मी म्हटलं, मी स्वतः सक्षम आहे. म्हणाला, ते दिसलंच. अर्जालाही मुदत असते, ती निघून चालली आहे. आणि हा शिक्का घरी ठेवा, नोकरी जाईल.

काका! माझ्याहून दोन वर्षांनी मोठा असेल.

निश्चय: शनिवारी भेटायला जायचं नाही. जाणं म्हणजे हुकूम मान्य करणं. त्यांनाही कळू दे, माझ्यावाचून त्यांचं अडतं.

९ ऑगस्ट, शुक्रवार

ताईने हाताला धरून वकीलबाईंकडे नेलं. हाताला धरून म्हणजे शब्दशः. मेट्रनची पकड अजून शाबूत आहे.

ऑफिस लहान, फाइली जमिनीपासून छतापर्यंत. वकीलबाई पन्नाशीच्या, चष्मा डोक्यावर. मी केस मांडली. मधे दोनदा पाणी प्यालो. त्यांनी एकदाही मान हलवली नाही. मग विचारलं, वीस जूनला का नाही गेलात? आजारी होता? नोटीस उशिरा मिळाली? मी म्हटलं, नाही, धोरण होतं.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

म्हणाल्या, नोटीस आली त्या दिवशी आला असतात तर हे सगळं बोलाचालीने मिटलं असतं. अर्धे दिवस तुमच्याकडे, अर्धे आईकडे, असंही झालं असतं. तुमच्या पत्नीचा मूळ अर्ज वाचलात? मी म्हटलं, अन्यथापर्यंत वाचला. म्हणाल्या, त्याच्या पुढच्याच पानावर तिने लिहिलंय, मुलीला वडिलांचा लळा आहे, भेटी भरपूर व्हाव्यात.

मी म्हटलं, हा तिचा डाव असणार. वकीलबाई म्हणाल्या, असेल, पण तुम्ही त्यात शहाणे ठरला असता.

मग म्हणाल्या, निदान शनिवारच्या भेटी तरी चुकवल्या नसतील? मी धोरण सांगितलं. त्यांनी आमच्यासमोरच समुपदेशक बाईंना फोन लावला. हं, हं म्हणत ऐकलं. फोन ठेवून म्हणाल्या, मुलगी प्रत्येक वेळी येऊन बसली होती. पूर्ण दोन तास. आई म्हणायची, चल, तर म्हणायची, वेळ संपली नाही अजून.

ताईने माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, मला कोणी कळवलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, कळवलं होतं, हुकूम म्हणतात त्याला.

बाई उद्धट आहेत. वकीलपत्रावर सही केली. त्यांच्याच पेनाने. माझं कुठे पडलं कोण जाणे.

१३ ऑगस्ट, मंगळवार

कोर्ट. खरी खोली सिनेमातल्यापेक्षा लहान असते आणि पंखा आवाज करतो. बायको समोरच्या बाकावर, बारीक झाली आहे. तब्येत सांभाळता येत नाही आणि मूल सांभाळणार म्हणे! वकीलबाईंना हा मुद्दा दिला. त्यांनी घेतला नाही.

त्यांची सूचना एकच: जज साहेबांनी विचारलं तर एवढंच म्हणायचं, माझी चूक झाली, मुलीला भेटायचं आहे. दोन वाक्यं. बाकी तोंड उघडायचं नाही. रिक्षात घोकून घेतली. तिसऱ्यांदा म्हटल्यावर म्हणाल्या, छान.

जज साहेब समजूतदार वाटले. गैरहजेरीचं कारण विचारलं. मी म्हटलं, माझी चूक झाली... आणि इथवर बरोबर आलं होतं. पण वाक्य फारच एकतर्फी वाटलं. म्हणून जोडलं, तरी मूळ गैरसमज कोर्टाचा झालेला आहे, तो मी क्रमाने दाखवू शकतो.

वकीलबाईंनी चष्मा डोक्यावरून काढून मिटला.

निर्णय: माझं म्हणणं पुढे ऐकून घेतील, कारण आता मी हजर आहे. पण व्यवस्था तूर्त तीच. जज साहेब म्हणाले, आधी शनिवार पाळा. चार-सहा भेटी नीट झाल्या की वाढवायचं बघू.

बाहेर आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, अजूनही हातात आहे तुमच्या. दोन तास फक्त मुलीबरोबर बसा, कोणाशीही वाद घालू नका, घड्याळाशीसुद्धा.

सोपं काम आहे. मी बसण्यात वाकबगार आहे.

१७ ऑगस्ट, शनिवार

अकराची भेट. मी पावणेअकरालाच हजर. इस्त्रीचा शर्ट. मन शांत. संकल्प लेखी स्वरूपात खिशात: वाद नाही.

खोलीची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई चहाला. दार उघडायला अकरा वाजून दहा मिनिटं झाली. आत छोटी टेबलं, भिंतीला पिवळा रंग, कोपऱ्यात समुपदेशक बाई. ठकीचे केस कापलेत. मला कळवलेलं नाही. ती म्हणाली, बाबा, सापशिडी आहे इथे, खेळायची? मी म्हटलं, हो, मांड तू, आलोच एका मिनिटात.

कारण दहा मिनिटं गेली होती. माझी नाहीत, तिची. आज दहा सोडली तर पुढच्या वेळी वीस जातात. हा वाद नव्हता, तत्त्व होतं.

शिपायाने साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी कारकुनाकडे. कारकून तोच, खिडकीतला. म्हणाला, काका, मुलगी वर बसलीय ना? मी म्हटलं, तिच्यासाठीच चाललंय. म्हणाला, तिला माहीत आहे का ते? मी म्हटलं, आधी लेखी द्या. रजिस्टर आलं, रजिस्टरमधलं घड्याळ आणि भिंतीवरचं घड्याळ जुळेना, मोठ्या साहेबांना बोलावलं. मी हटलो नाही. शेवटी त्यांनी लिहून दिलं: पुढील भेटीत दहा मिनिटं वाढवून द्यावीत. सही, शिक्का, सगळं.

पंधरा वर्षांत मी कोणाला एवढं सहज मंजूर केलेलं नाही.

कागद घेऊन वर आलो तर खोली रिकामी. एक वाजून गेला होता. आई घेऊन गेली, समुपदेशक बाई म्हणाल्या. जरा वेळ थांबली होती दारात, पण खालून तुमचा आवाज येत होता.

टेबलावर पट तसाच. निळी सोंगटी शंभरावर, लाल खाली सापाच्या शेपटीशी. निळी कोणाची, मी विचारलं. बाई म्हणाल्या, तुमची. तुमचा फासाही तीच टाकत होती.

मी म्हटलं, म्हणजे मी जिंकलो.

बाई म्हणाल्या, शेवटी तिला शिडी आली होती, मोठी. चढली नाही. मी तिला म्हटलंही, अगं चढ की. तर म्हणाली, नको, बाबा हरला की मग बोलत नाही.